आठव्या सम्राटाचा खुंट

१

चोरी झाली होती, पण चोरीला गेलेली वस्तू जागेवरच होती. अमरावतीच्या दिवाणी कोर्टात मी अडतीस वर्षं वकिली केली. कोरलेले बांध पाहिले, हडपलेल्या विहिरी पाहिल्या, एकदा तर शेजाऱ्यानं उचलून नेलेलं कुंपणसुद्धा पाहिलं. असली चोरी मात्र कधी पाहिली नव्हती. त्यामुळे मंगळवारी सकाळी प्रतीक्षा आमच्या बैठकीत डोळे पुसत बसली होती, तेव्हा मी विचारलेला पहिलाच प्रश्न तिला मूर्खपणाचा वाटला.

"नेमकं गेलं काय?"

"माही थिअरी, काका."

मी बायकोकडे पाहिलं. गोदावरीनं विद्यापीठाच्या परीक्षा विभागात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा कॉपी प्रकरणांच्या टेबलावर. रडणाऱ्या पोरांची तिला सवय आहे. तिनं पाण्याचा ग्लास पुढे केला आणि म्हणाली, "पहिल्यापासून सांग. यांनी 'चिरसम्राट' पाहिलेलं नाही, तेव्हा यांना समजेल असं सांग."

'चिरसम्राट' ही मालिका जूनपासून दर शुक्रवारी येत होती. ती लागली की मी पेपर तोंडासमोर धरतो. तरी जे कानावर पडलं ते असं. एका दूरच्या ग्रहावर एकच राजा पुन्हा पुन्हा तयार करतात. तो म्हातारा झाला की त्याची हुबेहूब नक्कल काढायची, जुन्याच्या आठवणी नव्यात भरायच्या आणि राज्य पुढे चालू ठेवायचं. असे सात झाले. गादीवर आता आठवा आहे, आणि त्याला एक विहीर आठवते. आधीच्या सातांपैकी एकानंही ती विहीर पाहिलेली नाही. मग ही आठवण आली कुठून? या एका प्रश्नावर पोरं दोन महिने डोकं फोडत होती. घरचा हिशेब विचारला असता तर एवढं डोकं चाललं नसतं, पण ते असो.

"सगळे म्हणतात कोण्या बंडखोरानं ती आठवण घुसवली," प्रतीक्षा म्हणाली. "माही थिअरी येगळी हाय. आमच्या घरी संत्र्याच्या कलमांची नर्सरी हाय नं. जंबेरीचं, म्हंजे जंगली लिंबाचं, रोप घेतात, त्याच्यावर संत्र्याचा डोळा, म्हंजे अंकुर, बांधतात. वर संत्रा, खाली जंबेरीचा खुंट. तसाच हा राजा. त्याचं शरीर नवं बनवतच नाईत. कोण्या साध्या मानसाचं शरीर घेतात अन् त्याच्यावर राजाच्या आठवणीचा डोळा बांधतात. ती विहीर त्या साध्या मानसाची हाय. खुंटाले फुटवा आला."

हे मलासुद्धा एका दमात समजलं, म्हणजे चांगलंच असणार.

मालिका काढणाऱ्या मुंबईच्या कंपनीलाही ते आवडलं होतं. नव्या मराठी मालिकेच्या लेखकांबरोबर सहा महिने बसायला त्यांना प्रेक्षकांतून एक जण हवा होता. शेकडो अर्जांतून त्यांनी प्रतीक्षाला निवडलं. तेवीस वर्षांची पोर, अमरावतीला आमच्या गल्लीत खोली घेऊन एम. ए. करते आणि शनिवार-रविवार चांदूर बाजारजवळच्या गावी घरी जाते. तिला याहून मोठं काही मिळालं नव्हतं. आणि काल कंपनीचं पत्र आलं. हीच थिअरी वीस ऑगस्टला अकोल्याच्या एका चॅनलवर आली आहे, तुमचा अर्ज पंचवीसचा आहे. ती आधी तुमची होती हे शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत सिद्ध करा, नाहीतर निवड रद्द.

"तू लिहिली कधी?" गोदावरीनं विचारलं.

"तीन ऑगस्टले. फिरत्या वहीत."

कॉलेज सुटल्यावर तिघा मित्रमैत्रिणींनी एक वही सुरू केली होती. मोबाइलवर लिहिलं की फुटतं, म्हणून जे सुचेल ते हातानं लिहायचं, तारीख टाकून सही करायची आणि वही पुढच्याला द्यायची. प्रतीक्षाकडून अमोल, अमोलकडून आरती, आरतीकडून परत प्रतीक्षा. हे दोघंही अकोल्याचे.

"म्हणजे दोघांतला एक," मी म्हणालो.

"त्याच्यातच तर सगळं आलं, काका. दोघंही माह्या घरच्यासारखेच हायेत."

२

मला काम मिळालं ते चॅनलवरच्या त्या अकरा मिनिटांच्या व्हिडिओतलं बोलणं शब्दन्‌शब्द कागदावर उतरवायचं. बायको निवृत्त झाली, पण तिची कारकून ठेवायची सवय गेली नाही.

बुधवारी आम्ही वही आणायला प्रतीक्षाच्या गावी गेलो. तिचे वडील जानराव रोपांच्या ओळीत उकिडवे बसून प्रत्येक कलमाच्या बुडाशी आलेला कोंब चिमटीनं मोडत होते. साठीला टेकलेला, कमी बोलणारा माणूस.

"बसा जी, वकीलसाहेब. हे फुटवे राह्यले की झाड जंबेरीचंच होते. संत्रा मरते."

प्रतीक्षा वही आणायला घरात गेली. मी त्यांना विचारलं, "तुम्ही पाहता का ही मालिका?"

"मले कायची फुरसत? आंबिया बहाराची फळं गळून राह्यली."

मी त्यांना प्रकरण समजावून सांगायला घेतलं. वकिलाला ऐकणारा मिळाला की तो थांबत नाही. "असं आहे जानराव, त्या सातव्या सम्राटाला एक विहीर आठवते—"

"आठव्या," जानराव म्हणाले आणि पुढच्या कलमाकडे सरकले.

पत्र आल्यापासून पोरगी हेच गाणं गात होती, बापाला आकडा पाठ असणारच. मी पुढे बोलत राहिलो. गोदावरी मात्र त्यांच्याकडे पाहत होती. त्यांनी थोड्या वेळानं विचारलं, "चोर सापडला तं कंपनी त्याचं काय करते?"

"त्याचं काही नाही. त्यानं लिहून दिलं की मी प्रतीक्षाच्या वहीतून घेतलं, तर तिची जागा कायम."

"अन् नाई सापडला तं?"

"जागा गेली."

जानराव हातातला कोंब बघत बसले. मग "चहा घेऊन जा" म्हणाले आणि मोटर बंद करायला विहिरीकडे गेले. घरी येताना मी गोदावरीला म्हणालो की माणूस तुटक आहे. ती म्हणाली, "तुटक नाही. घाबरलाय."

"कशाला घाबरेल?"

त्याचं उत्तर मला शुक्रवारी मिळालं.

३

गुरुवारी सकाळी बडनेऱ्यावरून अकोल्याला निघालो. अमोलचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान बसस्थानकाजवळ आहे. दुकान म्हणजे भिंतीतलं कपाट. फळीवर मोबाइल, चार्जर, स्पीकर, आणि प्रत्येकाला पांढरी चिठ्ठी, तिच्यावर लाल शाईत तारीख.

"चिठ्ठ्या कशाच्या रे?" गोदावरीनं विचारलं.

"वस्तू आली त्या दिवशीची तारीख, काकू. गिऱ्हाईक आठ दिवसांत येऊन म्हनते महिना झाला. मी म्हनतो, चिठ्ठी पाय."

"वही तुझ्याकडे किती दिवस होती?"

"पाच तारखेपासून अकरापर्यंत. काउंटरखाली."

"वाचलीस?"

"वाचली नं. खरं सांगू का? तिचं वाचलं अन् मी माहं पान फाडून टाकलं. माही थिअरी लय भंगार होती." त्यानं स्क्रू फिरवत फिरवत मान वर केली. "काकू, मी चोर असतो तं पान फाडलं असतं का? तिचंच उतरवून घेतलं असतं."

आरती एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासते. तिला बाहेर बोलावलं तर ती आम्ही विचारायच्या आधीच म्हणाली, "कंपनीच्या यादीत दुसरी मी हाय. प्रतीक्षा गेली तं जागा मले भेटते. हे तुमाले माहीत नसंल तं मीच सांगतो."

प्रतीक्षानं हे आम्हाला सांगितलं नव्हतं. तिला सांगवलं नसेल.

"मग संशय तुझ्यावरच येतो," मी म्हणालो.

"येऊ द्या. पन मले एक सांगा काका, चोरायचंच होतं तं मी ते माह्या अर्जात लिहिलं असतं. बिननावानं फुकट चॅनलवर काहून टाकू?"

"तिला बाद करायला."

आरतीचे डोळे भरले. "मी तिच्या घरी महिना महिना राह्यलेली हाय," ती म्हणाली. "तिच्या बाबानं मले गाडी शिकवली." मग तिनं हातमोजे चढवले आणि आत गेली. माझ्यापुरता खटला संपला होता. हेतू होता, संधी होती, वर डोळ्यांत पाणीही होतं. मी कारमध्ये बसल्या बसल्या जबाबाचा मसुदा मनात मांडायला लागलो.

"अहो, नाव कोरं ठेवा," गोदावरी म्हणाली. "चॅनलवाल्याकडे जायचंय अजून."

तो चॅनलवाला कुलदीप. घरातल्या एका खोलीत भिंतींना गोधड्या टांगून हा पोरगा वऱ्हाडीत 'चिरसम्राट' समजावून सांगतो, आणि चाळीस हजार लोक ऐकतात. प्रेक्षक मोबाइलवर बोलून आपापल्या थिअऱ्या पाठवतात. आवडली तर हा ती आपल्या आवाजात सांगतो.

"नाव नाई सांगणार जी," तो हात जोडून म्हणाला. "त्या मानसाले शबद देला हाय. तो म्हने, माहं नाव घेऊ नोको, लोक हासतीन."

"माणूस आहे, म्हणजे बाई नाही," मी म्हणालो. आरतीवरचा माझा खटला तिथंच डळमळला. पण अमोल उरला होता.

"तो निरोप ऐकव ना," गोदावरी म्हणाली.

"पुसला, काकू. मोबाइलची मेमरी भरते. शंभर निरोप येतात, काम झालं की पुसून टाकतो."

"मग जेवढं आठवतं तेवढं सांग. बोलला कसा?"

"थांबत थांबत. मास्तर शिकवते तसा. मधातच म्हने, थांबा, मोटर बंद करून येतो. अन् खरंच बंद करून आला. मी लय हासलो होतो."

गोदावरी हसली नाही. टेबलावरच्या माइकला एक पांढरी चिठ्ठी चिकटलेली होती. तिनं विचारलं, "हा अमोलकडे दुरुस्तीला होता का?"

"हो नं. त्याच निरोपाच्या पायी समजलं बिघडला ते. निरोप ऐकला, म्हटलं आताच रेकॉर्ड करतो, तं माइक बंद. तसाच उठलो अन् अमोलकडं नेऊन देला. पार्ट नागपूरहून यायचा होता, त्याच्यानं लय दिवस गेले. आला अन् पहिला व्हिडिओ तोच केला."

गोदावरीनं चष्मा लावून चिठ्ठी वाचली, कुलदीपचे आभार मानले आणि बाहेर पडली. परतताना मूर्तिजापूरला चहाला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "या मुलीला जागा मिळवून द्यायची की खरं काय ते शोधायचं, हे मी मंगळवारीच ठरवायला हवं होतं."

"दोन्ही एकच आहे ना?"

"नाही," ती म्हणाली. "आता नाही."

४

शुक्रवारी सकाळी सातला तिनं जेवणाचं टेबल मोकळं केलं. एका बाजूला प्रतीक्षाची वही, दुसऱ्या बाजूला मी उतरवलेले व्हिडिओचे कागद. मी चहा घेऊन समोर बसलो.

"कॉपी कशी पकडायची, सांगा पाहू."

"उत्तरं सारखी असली की."

"बरोबर उत्तरं सगळ्यांचीच सारखी असतात. चुका बघायच्या. दोन पेपरांत एकच चूक असली तर कोणीतरी कोणाचं पाहिलंय." तिनं वही माझ्याकडे सरकवली. "वहीत एक चूक आहे. प्रतीक्षानं लिहिलंय, जंबेरीचा शेंडा आधी छाटतात आणि मग डोळा बांधतात. आता तुमचा कागद वाचा."

मी वाचलं. 'डोळा बांधतेवेळी खुंटाचा शेंडा जागेवरच असते. खाचेत डोळा बसवायचा, पट्टी बांधायची, अन् डोळ्यानं जीव धरला की मंगच शेंडा छाटायचा. म्हंजे काही दिवस दोघंही जिते असतात.'

"चोरानं चूक दुरुस्त केली," मी म्हणालो.

"नुसती दुरुस्त केली नाही. चौथ्या भागात आठव्या राजाला आठवतं की एक वैद्य त्याच्यावर वाकला होता आणि हातात चाकू होता. राजा व्हायच्या आधीची गोष्ट. प्रतीक्षानं वहीत त्याच्यापुढे लिहिलंय, 'हे जमत नाही.' व्हिडिओत ते जमलंय. डोळा बांधला तेव्हा खालचा माणूस जिवंत होता, जागा होता. त्यानं चाकू पाहिला. त्याचा शेंडा नंतर छाटला."

माझा चहा निवला होता.

"नक्कल करणाऱ्याकडे मुळापेक्षा कमी असतं," गोदावरी म्हणाली. "चौदा वर्षांत मी एकही नक्कल अशी पाहिली नाही जिच्यात मुळापेक्षा जास्त होतं. आता माइकची चिठ्ठी. तारीख चोवीस जुलै. निरोप माइक दुरुस्तीला जायच्या आधी आला, म्हणजे चोवीस जुलै किंवा आधी. वही लिहिली तीन ऑगस्टला."

दिवाणी वकिलाला तारखा समजतात. मला त्या क्षणी सगळं समजलं आणि आवडलं नाही.

"म्हणजे वहीतून कोणी चोरलंच नाही."

"नाही. नक्कल वहीत आहे."

"ही पोर खोटं बोलते म्हणतेस?"

"खोटं बोलणारी पोर वही स्वतः आणून देत नाही. तिला खरंच वाटतं की हे तिचंच आहे. तिनं हे कुठंतरी ऐकलं, अर्धवट ऐकलं, म्हणून शेंड्याचं उलटं लिहिलं. आणि ऐकलं हेच विसरली. मालिकेतल्या त्या राजालाही ती विहीर आपलीच वाटते." गोदावरीनं चष्मा काढला. "कलम बांधणारा माणूस. मोटर चालू-बंद करणारा. मालिका पाहत नाही म्हणतो, पण सातवा म्हटलं की राहवत नाही, आठवा म्हणतो. चूक दिसली की त्याचा हात थांबत नाही."

जबाबाचा मसुदा माझ्या फाइलीत होता. नावाची जागा अजून कोरी होती.

५

अकरा वाजता आम्ही नर्सरीत पोचलो. प्रतीक्षा घरीच होती. गोदावरीनं तिला आणि जानरावांना समोरासमोर बसवलं आणि काहीही न लपवता जसं मला सांगितलं तसंच सांगितलं. मला वाटलं होतं ती आडून आडून सांगेल. पण परीक्षा विभागात आडून सांगायची पद्धत नसते.

जानराव खाली पाहत होते. प्रतीक्षा आधी हसली. मग तिनं बापाकडे पाहिलं आणि तिचं हसू गेलं.

"बाबा, तुमी तं पायतच नाई."

"पायतो," जानराव म्हणाले. "शनवारी तू टीव्ही लावते नं. मी मांगं बसून पायतो."

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"सांगतलं बाई. तीन खेपा सांगतलं." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, तेच जास्त वाईट होतं. "पाचवा भाग झाला त्या दिवशी सांगतलं. मंग जेवतानी सांगतलं. तू मोबाइल पाहून राह्यली होती. हो हो म्हने. तिसऱ्या खेपेले मी आर्धं बोललो अन् तू उठून गेली. मले वाटलं, ह्या पोट्टीले बोर होते. पन डोक्यातून जाये ना. म्हनून त्या पोराले बोलून धाडलं. तो तरी आयकंल."

प्रतीक्षा आठवायचा प्रयत्न करत होती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि तिला आठवत नव्हतं. शेवटी म्हणाली, "मले बसमधी सुचलं होतं. अमरावतीले जाता जाता. एकदम. मी किती खूश झाली होती, बाबा."

मला त्या पोरीची दया आली. कोर्टात मी हरलेली माणसं पुष्कळ पाहिली. आपलंच खरं मानून हरलेल्यांहून केविलवाणं कोणी दिसत नाही.

"तुले सुचलं म्हनून तं मी बोललो नाई," जानराव म्हणाले. "तुह्या अर्जात हे हाय, हे मले पत्र आल्यावर समजलं. म्हटलं चूप राह्यलो तं कोनी सापडनार नाई, अन् मिटून जाईल. बुधवारी साहेबानं सांगतलं, नाई सापडला तं जागा जाते. तवापासून झोप नाई." ते माझ्याकडे वळले. "साहेब, तुमी म्हने कागद करून ठेवला. त्याच्यावर माहं नाव टाका. लिवा, जानरावनं पोरीची वही वाचली अन् चोरून धाडली. मी सही करतो. मले चोर म्हटलं तं काय बिघडते? मले कुठी मुंबईले जा लागते."

मी फाइल उघडली. खोटं का बोलू, मला ते पटलं. सुचलेल्या गोष्टीवर कायद्यानं कोणाची मालकी नसते, बापाची तक्रार नव्हती, पोरीचं भलं होत होतं, आणि लिहिलं तर तिनंच होतं. अडतीस वर्षांत याहून वाईट कागदांवर मी शिक्के पाहिलेत. मी तसं म्हणालोही.

गोदावरी म्हणाली, "तुमच्या घरचा मामला आहे. मी कंपनीला काही कळवणार नाही. पण त्या कागदावर साक्षीदार म्हणून माझी सही मागू नका."

जानरावांनी माझ्या खिशातलं पेन मागितलं. मी दिलं. तेवढ्यात प्रतीक्षानं फाइलीतला कागद काढून घेतला, चार घड्या घातल्या आणि मुठीत धरला.

"बाबा, अमोलवर मी चार दिवस डाऊट घेतला. आरतीचा फोन उचलला नाई," ती म्हणाली. "आता तुमाले चोर करू का?"

"अवं पन सहा महिने मुंबई हाय ते. येडी का तू?"

"हाय ना. मले माहीत हाय काय हाय ते."

ती विहिरीच्या कठड्यावर जाऊन बसली आणि मोबाइलवर लिहायला लागली. चार वाजून गेले तरी लिहीतच होती. पाठवायच्या आधी तिनं आम्हाला वाचून दाखवलं. छोटंच पत्र होतं. ही कल्पना माझ्या वडिलांची, जानराव यांची आहे. त्यांनी ती मला सांगितली होती आणि मी नीट ऐकली नाही. चॅनलवरचा निरोप त्यांचाच आहे आणि तो माझ्या आधीचा आहे. शब्द माझे आहेत. निर्णय तुमचा.

मी सांगितलं की शेवटचे दोन शब्द गाळ, आपल्या हातानं निर्णय समोरच्याच्या हाती देऊ नये. तिनं गाळले नाहीत. पाचला दहा कमी असताना पत्र गेलं.

६

सोमवारी कंपनीचं उत्तर आलं. प्रामाणिकपणाबद्दल आभार, पण नियमाप्रमाणे कल्पना अर्जदाराची स्वतःची हवी. जागा यादीतल्या दुसऱ्या उमेदवाराला, म्हणजे आरतीला देण्यात आली. आरतीनं आधी नाही म्हटलं. प्रतीक्षा अकोल्याला गेली, तिच्याशी भांडली आणि तिला हो म्हणायला लावून परत आली. अमोलकडेही जाऊन आली. तिथं काय बोलणं झालं ते तिनं सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही.

मला वाईट वाटलं, ते मी गोदावरीजवळ बोललो. म्हणालो, माझ्या कागदानं काम झालं असतं. ती म्हणाली, झालं असतं. नंतर बराच वेळ ती तांदूळ निवडत बसली. तिलाही वाईट वाटलं होतं, पण चौदा वर्षांच्या सवयीनं तिला ते चेहऱ्यावर आणता येत नाही.

पोळ्यानंतरच्या शुक्रवारी 'चिरसम्राट'चा शेवटचा भाग आला. मी पहिल्यांदाच पेपर बाजूला ठेवून पाहिला. आणि काय सांगावं, आठव्या राजाची ती विहीर निघाली एका यंत्राच्या बिघाडातून. खुंट नाही, साधा माणूस नाही, काही नाही. तार ढिली झाली होती म्हणे. एवढ्यासाठी आम्ही दोनदा चांदूर बाजारला आणि एकदा अकोल्याला जाऊन आलो होतो.

शनिवारी दुपारी गोदावरीचा फोन वाजला. मला ऐकू यावं म्हणून तिनं त्याचा आवाज मोठा केला. जानराव होते. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

"मॅडम, पायलं का तुमी? तार ढिली होती म्हने. अरे, तार ढिली होती तं चौथ्या भागात तो वैद्य कायले दाखवला? अन् त्या राजाच्या मानंवरची गाठ, कलमाच्या जोडावर असते तशी? ती गाठ कोठी गेली? ह्या लिवनाऱ्यायले काई समजत नाई. मी सांगतो काय व्हाले पायजे होतं. त्या खालच्या मानसाची बायको जिती हाय, बरं का, अन् ती त्याच विहिरीवर—"

"बाबा, थांबा," मागून प्रतीक्षाचा आवाज आला. खुर्ची ओढल्याचा आवाज आला. "फोन ठेवा. काकूले मंग सांगू. मी लिहून घेतो. पहिल्यापासून सांगा."

फोन बंद झाला.